कुलमुखत्यार



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी संपावर किंवा किमान वेतनावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. गेली तीस वर्षे मी दुसरे काही बोललेलो नाही, तेव्हा त्यांचा दोष नाही. 'युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीत अधिकाराची वाटणी कशी होत गेली' असा विषय मी कळवला. लगेच त्यांचा फोन आला, "भाऊ, हा विषय एखाद्या इंजिनियराला देऊ या का?" मी म्हटले, देऊ नका. इंजिनियर यंत्राची रचना माझ्यापेक्षा शतपटीने चांगली सांगेल. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले, आणि पुढचे सारे मी शब्दकोश मांडीवर घेऊन, अडखळत वाचलेले आहे. पण कोठाराच्या किल्ल्या कुणाकडे असाव्यात, किती असाव्यात, आणि कोठार उघडल्याची नोंद कुणी ठेवावी, हा प्रश्न कामगार चळवळीतल्या माणसाला परका नाही. युनिक्सचा इतिहास वाचताना मला पानोपानी हाच प्रश्न भेटला.

तो मी वाचायला का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे. ती गोष्ट माझ्या मानाची नाही.

२००८ साली आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आला. त्यावर युनिक्सच्या घराण्यातली लिनक्स ही प्रणाली होती, कारण ती फुकट मिळत होती. सभासदांची यादी आणि वर्गणीचा हिशोब आम्ही त्यावर चढवला. यंत्राची देखभाल करायला एक तरुण मुलगा ठेवला; त्याचे नाव मी घेत नाही. त्या वेळच्या १९७१च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे मान्यतेचा अर्ज करणाऱ्या संघटनेला लागोपाठ सहा महिने किमान ३० टक्के कामगार आपले सभासद असल्याचे दाखवावे लागे. आमचा अर्ज तयार होत आला होता. तीन आठवडे उरले असताना एका सकाळी संगणक उघडला, तो यादी नाही. सहाही महिन्यांची वर्गणी पुसलेली.

मी सरचिटणीस होतो. कुणी पुसली, ते पाहा म्हटले. यंत्राच्या दप्तरात पुसण्याची आज्ञा सापडली. आज्ञा देणाऱ्याचे नाव होते 'रूट'. आता हा रूट कोण? आमच्या कचेरीत तो परवलीचा शब्द पाच जणांना ठाऊक होता, कारण पाचही जणांना कधी ना कधी काही काम पडे. त्या पाचांत चार जुने कार्यकर्ते होते, आणि पाचवा तो मुलगा. त्याचा मामा दुसऱ्या युनियनमध्ये होता. कार्यकारिणीची बैठक भरली, मी ठराव मांडला, आणि अर्ध्या तासात आम्ही त्या मुलाला घरी पाठवले. जे मालकाने कामगाराच्या बाबतीत केले असते तर मी फाटकावर सभा घेतली असती, ते मी स्वतः केले. चौकशी नाही, आरोपपत्र नाही. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवरून रात्री जागून यादी पुन्हा उभी केली, अर्ज उशिरा गेला, आणि प्रकरण मिटले असे आम्ही मानले. अकरा महिन्यांनी आमच्या जुन्या खजिनदारांनी एका रात्री माझ्यापाशी येऊन सांगितले, की यंत्रात जागा उरली नव्हती म्हणून जुने दप्तर समजून आपणच काहीतरी पुसले होते, आणि नंतर तोंड उघडायचे धैर्य झाले नाही.

ते असो. त्या गोष्टीकडे शेवटी परत येऊ. हा 'रूट' कोण, आणि पाच माणसांना एकाच नावाने वावरू देणारी ही व्यवस्था कुठून आली, ते पाहू.

पन्नासच्या दशकात संगणक एका वेळी एकाचेच काम करी. आपले काम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर लिहून द्यायचे आणि रांगेत थांबायचे. १९६१च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी प्रणाली चालवून दाखवली. तिच्यात एकच यंत्र अनेक माणसांमध्ये वाटले जाई. यंत्र प्रत्येकाकडे क्षणभर पाही, पुढच्याकडे वळे, आणि फेरी इतक्या वेगाने पुरी करी की प्रत्येकाला वाटे, यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. एका चाळीत अनेक बिऱ्हाडे आली की दाराला कड्याकुलपे येतात. इथेही प्रत्येकाच्या दप्तराला स्वतंत्र खण आला, आणि खणाला परवलीचा शब्द आला.

कुलूप आले त्याच्या पाठोपाठ ते उघडणाराही आला. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास यंत्र मिळे आणि ते त्याला पुरत नसे. १९६२च्या वसंतात त्याने एक कार्ड छिद्रून छपाईच्या रांगेत घातले. परवलीच्या सगळ्या शब्दांचे दप्तर छापून द्यावे, एवढीच त्यावर विनंती होती. ते इमानाने छापले गेले. शेरने ही गोष्ट पुढे अनेक वर्षांनी स्वतःच सांगितली. यंत्राचे मला इथे कौतुक वाटते. ज्याने मागितले त्याला दिले. मागणारा कोण, हे विचारायला त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

काही वर्षांनी त्याच प्रणालीवर दुसरा प्रकार घडला. संपादनाचे साधन आपला कच्चा मसुदा एका ठरावीक नावाच्या कागदावर ठेवी. देखभाल करणारे दोघे एकाच वेळी कामाला बसले. एकजण सर्वांसाठी आजची सूचना लिहीत होता आणि दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. मसुद्यांची अदलाबदल झाली. मग जो जो यंत्रावर आला, त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे परवलीचे शब्द वाचायला मिळाले. कॉर्बाटोंनी ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने केलेल्या व्याख्यानात हा प्रसंग मोकळेपणाने सांगितला आहे. या दोघा संपादकांना ध्यानात ठेवा, ते पुढे लागतील.

या प्रणालीचा मोठा वारस म्हणून 'मल्टिक्स' नावाचा प्रचंड प्रकल्प निघाला. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा असे तिघे त्यात होते. काम लांबत गेले आणि १९६९ साली बेलवाल्यांनी अंग काढून घेतले. तिथले केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची रिकाम्या हातांनी उरले. थॉम्प्सनने एक लहानसे, फारसे कुणी वापरत नसलेले पीडीपी-७ यंत्र गाठले आणि त्याच उन्हाळ्यात, पत्नी मुलाला घेऊन सुटीवर गेलेली असताना, तीनचार आठवड्यांत एका नव्या प्रणालीचा सांगाडा उभा केला. मल्टिक्सच्या नावाची थट्टा म्हणून तिचे नाव पडले युनिक्स. १९७१ साली ती मोठ्या यंत्रावर गेली आणि कंपनीच्या पेटंट खात्यातले कारकून तिच्यावर अर्ज टंकित करू लागले.

या युनिक्सच्या पोटात माणसाला नाव नसते. आपण नाव सांगतो, पण यंत्र ओळखते तो आकडा. गिरणीत कामगाराचा बिल्ला असे तसा. प्रत्येक दप्तरावर मालकाच्या बिल्ल्याचा आकडा असतो, आणि मालकाने काय करावे, इतरांनी काय करावे – वाचावे, लिहावे की चालवावे – याच्या खुणा असतात. पुढे मालक आणि इतर यांच्या मध्ये 'गट' आला. एखादा माणूस नोकरी सोडून गेला, त्याचे नाव वहीतून खोडले, तरी त्याच्या दप्तरांवर बिल्ल्याचा आकडा तसाच राहतो. तोच आकडा दुसऱ्या नव्या माणसाला दिला, तर पहिल्याचे सारे दप्तर दुसऱ्याच्या मालकीचे होते. यंत्राला त्यात काही वावगे दिसत नाही.

सगळ्या बिल्ल्यांत एक बिल्ला निराळा आहे. त्याचा आकडा शून्य. त्याचेच नाव रूट. साऱ्या बंधनांच्या खुणा इतरांसाठी असतात, रूटला त्या अडवीत नाहीत. तो कुणाचेही दप्तर वाचतो, पुसतो, कुणालाही बिल्ला देतो, काढून घेतो. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर तो कुलमुखत्यार आहे. आणि कुलमुखत्यारपत्र करून देताना घरातली माणसे दहादा विचार करतात, हे आपण जाणता. १९७१च्या पहिल्या पुस्तिकेतच 'एसयू' नावाची आज्ञा आहे. ती द्यायची, रूटचा परवलीचा शब्द सांगायचा, की आपण कुलमुखत्यार. पाच जणांना शब्द ठाऊक असेल तर पाच कुलमुखत्यार, आणि वहीत सही एकाची.

आमच्याकडच्या जुन्या कामगारांना यात जॉबर दिसेल. मुंबईच्या गिरण्यांत माणूस लावणे, काढणे, बदलीवर घेणे हे सारे एकट्या जॉबरच्या हाती होते आणि दस्तुरी दिल्याशिवाय बिल्ला मिळत नसे. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची योजना आणली ती जॉबरचा हा हात आखडावा म्हणून. मालकांना कामगाराचा कळवळा आला होता असे नव्हे. सारी सत्ता एकाच्या हाती गेली की ती वरच्यालाही जड होते, एवढेच.

पण युनिक्स लिहिणाऱ्यांना दोष देताना जपले पाहिजे. ती मूठभर माणसांनी आपल्यासाठी केलेली व्यवस्था होती. एकमेकांची तोंडे रोज पाहणारी माणसे होती. रिचीने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे की सुरक्षितता डोळ्यांपुढे ठेवून ही प्रणाली रचलेली नव्हती. आणि अधिकार तुकड्यातुकड्याने देता येतो, ही कल्पना त्याच रिचीला अगदी आरंभी सुचली होती.

ती कल्पना अशी. समजा, एक खेळ आहे आणि खेळणाऱ्यांचे गुण एका वहीत नोंदवायचे आहेत. वही सगळ्यांना लिहायला मोकळी ठेवली तर जो तो आपले गुण वाढवील; बंद ठेवली तर खेळ गुण नोंदवणार कसा? हा प्रश्न त्या काळी 'मू' नावाच्या एका खेळाच्या निमित्ताने खरोखरच विचारला गेला होता. रिचीचे उत्तर असे की, कार्यक्रमाच्या दप्तरावर एक जादा खूण ठेवावी. ती असेल तर कार्यक्रम कुणीही चालवो, त्याला अधिकार मिळेल तो चालवणाऱ्याचा नव्हे, मालकाचा. म्हणजे खिडकीमागचा कारकून. तिजोरीत हात घालायची मुभा तुम्हांला नाही. पण खिडकीशी जाऊन नियमाप्रमाणे मागितले, तर कारकून तिजोरीतून काढून देतो. युनिक्समध्ये आपला परवलीचा शब्द आपण बदलतो तो असाच. वही रूटची, खिडकी सर्वांना खुली, आणि कारकून तुमच्या ओळीपलीकडे हात लावू देत नाही. या योजनेचे पेटंट रिचीच्या नावे १९७३ साली मागितले गेले आणि १९७९च्या जानेवारीत मिळाले. पुढे त्यावरचा हक्क जनतेला मोकळा करण्यात आला.

कारकून सचोटीचा आणि शहाणा असेल तोवर ही खिडकी ठीक. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला यंत्राच्या भाड्याच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक आढळला. पाऊण डॉलर! आपल्याकडे खजिनदाराने तो चहाच्या खर्चात टाकला असता. स्टोलने माग काढला, तो थेट जर्मनीत हानोव्हरला पोचला. तिथला एक इसम अमेरिकेच्या लष्करी यंत्रांत शिरून माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकीत होता. तो रूट झाला कसा? टपाल एका जागेवरून दुसरीकडे हलवणाऱ्या एका क्षुल्लक कार्यक्रमाला तिथे रूटचा अधिकार देऊन ठेवला होता. आपण कुठला कागद कुठे हलवतो आहोत हे त्या कारकुनाने पाहिलेच नाही.

परवलीच्या शब्दांचा इतिहास स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. मी एकच आकडा सांगतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली एक लेख प्रसिद्ध केला. लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ शब्द त्यांनी तपासले, त्यांत २,८३१ म्हणजे ८६ टक्के सहज शोधता येण्याजोगे निघाले. पंधरा जणांनी तर एकच अक्षर ठेवले होते. याच मॉरिसच्या मुलाने १९८८च्या नोव्हेंबरात सोडलेला 'किडा' हजारो यंत्रांत शिरला, आणि त्याच्या युक्त्यांपैकी एक होती परवलीचे शब्द अंदाजाने ओळखण्याची. बापाने दाखवलेले भगदाड नऊ वर्षे उघडेच होते.

दरम्यान युनिक्स विद्यापीठांत पसरली होती. १९५६च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे टेलिफोन कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते, म्हणून विद्यापीठांना ती अल्प मोबदल्यात, मूळ लिखाणासह मिळे. विद्यापीठात शेकडो विद्यार्थी, आणि देखभालीला दोनचार माणसे. रोजची कामे किरकोळ. छपाईयंत्र अडकले ते सोडव, नव्या विद्यार्थ्याला बिल्ला दे, रात्रीची नक्कल काढ. यातल्या बऱ्याच कामांना कुलमुखत्यारी लागे. म्हणजे कागद अडकलेले छपाईयंत्र सोडवणाऱ्या मुलाला साऱ्या प्राध्यापकांची पत्रे वाचायचा अधिकारही द्यावा लागे.

१९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात बॉब कॉगेशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी यावर एक लहानसा कार्यक्रम लिहिला. नाव 'सुडो'. याचा मला सर्वांत मोठा वाटणारा गुण असा की, तो तुम्हांला रूटचा शब्द विचारीत नाही. तुमचा स्वतःचा विचारतो. तुम्ही तुम्हीच राहता. मग तो एक नियमपुस्तक उघडतो. त्यात लिहिलेले असते की, अमुक माणसाने अमुक यंत्रावर, अमुक्याच्या वतीने, अमुक आज्ञा द्यावी. ओळ सापडली तर तेवढे एक काम रूटच्या अधिकाराने होते आणि अधिकार तिथल्या तिथे संपतो. कुणी, केव्हा, कुठली आज्ञा दिली ती नावानिशी वहीत जाते. ओळ नसेल तर नकार मिळतो, आणि या प्रकाराची खबर दिली जाईल अशी समजही मिळते. पहिल्यांदा वापरणाऱ्याला तर तो एक लहानसा उपदेशही करतो: दुसऱ्याच्या खाजगीपणाचा मान राख, टंकण्याआधी विचार कर, अधिकार मोठा तशी जबाबदारी मोठी. एवढे खास मुखत्यारपत्र आमच्या पाच जणांना लिहून दिले असते, तर एका मुलाची नोकरी गेली नसती.

१९८५च्या डिसेंबरात सुडोचे सुधारलेले लिखाण सर्वांसाठी प्रसिद्ध झाले, पुढच्या वर्षी ते कोलोरॅडो विद्यापीठात वाढले, आणि १९९४पासून टॉड मिलर या गृहस्थांनी ते हाती घेतले. तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या यंत्रांच्या किल्ल्यांचे हे काम मुख्यतः या एका माणसाने सांभाळले. आणि या कामाला कुणी पोशिंदा मिळेल का, अशी विचारणा त्यांना आपल्या पानावर लिहून ठेवावी लागली. कामगार संघटक म्हणून याकडे मी न हसता पाहू शकत नाही. ज्या कंपन्यांचे कोट्यवधींचे व्यवहार या कुलपामागे आहेत, त्यांना कुलूप दुरुस्त करणाऱ्याच्या पगाराची आठवण नसावी!

आता दुसरी बाजू मांडली पाहिजे, कारण ती माझ्या जवळची आहे. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक प्रोग्रॅमर होता. तिथली जुनी प्रणाली बिनकुलपाची. जो येईल त्याने यंत्र वापरावे, बिघडले तर सुधारावे. ती संस्कृती मोडत गेली. १९८४च्या सुमारास तिथल्या एका यंत्रावर काही जणांनी मुख्य परवलीचा शब्द बदलला आणि इतरांपासून लपवून ठेवला. स्टॉलमनने यंत्राच्या गाभ्यातच दुरुस्ती करून तो बेत हाणून पाडला आणि सत्ता परत सर्वांना दिली. त्याच सुमारास त्याने सर्वांच्या हक्काची 'ग्नू' ही प्रणाली उभारायला घेतली. बर्कलीच्या युनिक्समध्ये एक नियम होता: 'व्हील' नावाच्या गटातल्यांनाच रूट होता यावे, बाकीच्यांना शब्द ठाऊक असला तरी नाही. ग्नूमध्ये तो नियम घालायला स्टॉलमनने नकार दिला, आणि कारण पुस्तिकेत लिहिले. त्याचा आशय असा की, राज्यकर्त्यांपैकी कुणाला सामान्यांविषयी कणव आली आणि त्याने शब्द फोडला, तर सामान्यांना तो वापरता आला पाहिजे. आपण जनतेच्या बाजूचे आहोत.

हे प्रथम वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठलो. हा तर आपला माणूस! फाटकाच्या आतल्या माणसाने निरोप बाहेर पोचवावा, यावर आमचे किती लढे उभे राहिले. पण नंतर ती पुसलेली यादी डोळ्यांपुढे आली. आमच्या कचेरीत स्टॉलमनला हवे होते तेच होते. शब्द सर्वांपाशी होता. त्यात जो सर्वांत दुबळा, ज्याच्या बाजूने बोलणारे कुणी नव्हते, तोच बळी गेला, आणि त्याला आपला निरपराधीपणा दाखवता येईना, कारण वहीत त्याचे नाव कुठेच वेगळे नव्हते. नोंद ही वरच्याची खालच्यावर नजर असते, हे मी आयुष्यभर सांगत आलो, आणि कारखान्यात पुष्कळदा ते खरेच असते. पण नोंद नसली म्हणजे संशय मोकळा फिरतो, आणि तो चढावर फिरत नाही. स्टॉलमनची प्रयोगशाळा समान हुशारीच्या माणसांची होती. आमची कचेरी तशी नव्हती. या प्रश्नाचा निकाल लागला असे मी म्हणत नाही. नियमपुस्तक कोण लिहितो, हा त्याचा प्रश्न सुडोनेही सोडवलेला नाही.

कारण सुडो म्हणजे काही रामबाण नव्हे. त्याच्या नियमपुस्तकात 'सर्व' असा एक शब्द लिहिता येतो: सर्व यंत्रांवर, सर्वांच्या वतीने, सर्व आज्ञा. घाईतला कारभारी हीच ओळ लिहून मोकळा होतो आणि मर्यादित अधिकाराच्या नावाखाली पुन्हा कुलमुखत्यारपत्र तयार होते. २००४ साली निघालेल्या उबुंटू या लिनक्समध्ये रूटचे दार मुळातच बंद ठेवले आणि पहिल्या माणसाला सुडोने काम करायला लावले. चांगले केले, पण त्या पहिल्या माणसाची मुभा 'सर्व' हीच. त्याहून गमतीचा प्रकार संपादनसाधनाचा. एखाद्याला एकच दप्तर दुरुस्त करता यावे म्हणून 'व्हीआय' हे साधन रूटच्या अधिकाराने वापरू दिले, तर त्या साधनाच्या आतूनच दुसरी कुठलीही आज्ञा देता येते. दिवाणखाना झाडायला किल्ली दिली आणि आतले दार माजघरात उघडत होते. त्यासाठी पुढे वेगळी सोय करावी लागली. नियमपुस्तक दुरुस्त करण्याचेही स्वतंत्र साधन आहे. ते एका वेळी एकालाच दुरुस्ती करू देते, आणि लिहिलेले व्याकरणशुद्ध आहे हे तपासल्याखेरीज स्वीकारीत नाही. एमआयटीच्या त्या दोघा संपादकांची आठवण यंत्रांच्या जगात अशी जिवंत आहे. आणि २०२१च्या जानेवारीत उघड झाले की, खुद्द सुडोतच २०११ सालापासून एक चूक दडून होती, जिच्यामुळे नियमपुस्तकात नाव नसलेला माणूसही रूट होऊ शके. साडेनऊ वर्षे! कुलपाचा नमुना जगभर एकच असला की चूकही जगभर एकच असते.

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध आहे तो बँकांतून. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनाशी यांत्रिकीकरणाचा करार केला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखांशाखांत यंत्रे बसली. त्यांतली पुष्कळ युनिक्सवर चालत. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची, ही खातेवहीच्या काळातली रीत यंत्रात शिरली. बँकेतले माझे जुने मित्र सांगतात की, साहेब जेवायला गेले की त्यांचा परवलीचा शब्द काउंटरवरच्या चिठ्ठीवर असे, कारण रांगेतले लोक ओरडत. मी त्यांना हसलो नाही. मला हसण्याचा अधिकार नव्हता.

खजिनदारांनी कबुली दिल्यावर मी त्या मुलाचा पत्ता शोधून पुण्याला गेलो. तो एका मोठ्या कचेरीत यंत्रांची देखभाल करीत होता. त्याने मला चहा दिला. मी हात जोडून जे बोलायचे ते बोललो, आणि तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तुम्ही वहीत माणूस शोधत होता. तुमच्या वहीत माणूस नव्हताच." आमच्याच एका जुन्या हँडबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने मला रूट आणि सुडो समजावून दिले. ते हँडबिल माझ्यापाशी आहे. परत यायचे त्याने नाकारले. कार्यकारिणीने जुना ठराव रद्द केला आणि तशी नोंद केली. त्याची प्रत मी त्याला टपालाने पाठवली, पोच आली नाही.

त्यानंतर आमच्या कचेरीत प्रत्येकाला स्वतःचा बिल्ला आला. खजिनदार वर्गणी चढवू शकतो, पुसू शकत नाही. नक्कल काढणे एकाकडे, नवा सभासद घालणे दुसऱ्याकडे. सरचिटणिसाने यादी वाचावी, बदलू नये, असा नियम ठरला. तो ठराव मी मांडला नव्हता, पण मी मत त्याच्या बाजूने दिले. गेल्या वर्षी एका सभासदाच्या नावातली चूक मला रात्री दिसली. सकाळपर्यंत कशाला थांबा म्हणून मी सुडो लावून दुरुस्त करायला गेलो. यंत्राने नकार दिला आणि खबर दिली जाईल असे बजावले. मी निमूट दिवा घालवून घरी गेलो. सकाळी कचेरीत पाऊल टाकतो न टाकतो, तो यंत्र सांभाळणारी मुलगी वहीवरून मान वर करून म्हणाली, "भाऊ, काल रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही काय करीत होता?" मी तिला सांगितले. तिने ते माझ्या नावापुढे लिहून घेतले.